बिनसेलचा कंट्रोलर

थोरलीबद्दल लोक वाटेल ते बोलतात. आमच्या गिऱ्हाईक संघटनेतली पोरं तिला वाघीण म्हणतात, कंपनीतले साहेब नमकहराम म्हणतात. दोघांनाही ती कळलेली नाही. मी सांगतो, कारण तिच्या घरी जाऊन तिच्या तोंडून शिव्या खाल्लेला माणूस मीच आहे.

थोरली म्हणजे दोन जावांतली मोठी. घरात तेच नाव आणि पुढे कंपनीतही तेच चिकटलं. नवऱ्याचं दुरुस्तीचं दुकान, मोबाईल आणि गेमचे कंट्रोलर दोन्हींचं. दुकान एवढं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं तर नवऱ्यानं बाहेर यायचं. तो वायरीला डाख देऊन कंट्रोलर पुढे सरकवायचा आणि ही स्टुलावर बसून गेम लावून बघायची, बटणं नीट चालतात की नाही. शिकवायला कुणी नव्हतं. आपण खेळतो तेव्हा पडद्यावरचा माणूस भिंतीला डोकं आपटतो, खड्ड्यात पडतो, दारुड्यासारखा जागच्या जागी गिरक्या घेतो. हिच्या हातात तो चालायचा. वळणावर थोडा थांबायचा, वर बघायचा, मग पुढे जायचा. एकदा गेम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आपला कंट्रोलर न्यायला आला आणि पैसे द्यायचे विसरून तिच्या मागे उभाच राहिला. तिथून तिला नोकरी लागली.

नोकरी काय, तर दाखवण्यापुरतं खेळायचं. आता या कंपन्या नवा गेम आला की सभागृह घेत नाहीत, इंटरनेटवर कार्यक्रम करतात. डिजिटल शोकेस म्हणतात त्याला. जगभरची पोरं मोबाईलला डोळे लावून बसतात, एक हसरा चेहरा येतो, गेमची झलक दाखवतो आणि शेवटी म्हणतो, आजच बुक करा. त्या झलकेत कुणी पडत नाही, धडपडत नाही. ते खेळणं थोरलीचं. तिचं नाव कुठेच नाही, बोटसुद्धा दिसत नाही.

धाकट्या जावेला तिथं तिनंच चिकटवलं. "घरात बसून माशा मारतेस, त्यापेक्षा चल." धाकटी खेळायला बसली की पडद्यावरचा माणूस पाण्यात जाणार हे ठरलेलं. पण हसली की समोरचा विरघळायचा, आणि जीभ अशी की दगडालाही गिऱ्हाईक करील. साहेबांनी ते बरोबर हेरलं. कॅमेऱ्यासमोर धाकटी बसू लागली, हातात कंट्रोलर घेऊन. त्यातले सेल काढून ठेवायचे, चुकून बटण दाबलं तर घोटाळा नको. खरा कंट्रोलर प्लायवुडच्या आडोशामागे थोरलीच्या हातात. धाकटीच्या कानात बारीकसं यंत्र आणि त्यात थोरलीचा आवाज: "डावीकडे. थांब. आता उडी." बाहेर धाकटीचे अंगठे त्या तालावर नाचायचे. पाहणाऱ्याला वाटावं, काय खेळते बाई!

सासूबाईंना तर वाटलंच. मोबाईल चहाच्या बरणीला टेकवून शेजारणींना बोलवायच्या. "बघा आमची धाकटी! कशी सफाईनं चालवते!" मग मोरीकडे मान वळवून, "तू पण तिथंच जातेस ना गं? तू काय करतेस?"

थोरली पातेलं घासत होती. पातेल्याचा जीव गेला असेल, पण ती घासतच राहिली.

आता मुद्द्याचं. कंपनीचा मोठा गेम येणार होता. बेटावरचे दिवे विझलेत आणि एक दिवेवाला गावोगाव ते पेटवत जातो, असा काहीसा. साहेब थोरलीला म्हणाले, "या वेळी खरं खेळणं दाखवायचं, थेट. तुम्हीच बसा समोर. लोकांना तुमचे हात दिसू देत." बाईनं हे घरी कुणाला सांगितलं नाही. हातांना लावायची क्रीम आणली, भांडी घासताना रबरी मोजे घालायला लागली. नवरा म्हणाला, "ऑपरेशन करायचंय का कुणाचं?" तरी बोलली नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं की एकदा तिचे हात तिच्या नावासकट दिसावेत. पैसाबिसा नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात साहेब म्हणाले, "लोकांना धाकटीची सवय झालीय हो. पुढच्या वेळी बघू."

त्याच गेममध्ये एक दीपगृह होतं. बेटाच्या टोकाला, सगळी गोष्ट जिथं जाऊन मिटते तिथं. थोरलीनं ते पहिल्यापासून खेळलेलं, आतल्या जिन्याची पायरीन् पायरी तिला पाठ. एके दिवशी त्याला कुलूप लागलं. साहेबांचं ठरलं, हे नंतर 'जादा प्रकरण' म्हणून वेगळं विकायचं. माझं डोकं फिरतं ते इथं. नवा भाग खरंच नंतर बनवा, घाम गाळा, मागा पैसे, मी स्वतः देईन. पण घर बांधून झाल्यावर स्वयंपाकघराला कुलूप घालायचं आणि किल्ली वेगळी विकायची, वर सांगायचं की विटा अजून यायच्यात? याला धंदा म्हणत नाहीत.

पण हे माझं डोकं. थोरलीच्या डोक्यात त्या दिवशी दीपगृह नव्हतं.

कार्यक्रमाआधी धाकटी आडोशामागे आली. "ताई, आज सगळं तुमच्या जिवावर हं!" आणि लाडानं थोरलीचे हात हातात घेतले. थोरलीला वास आला. तिच्याच क्रीमचा.

"न विचारता घेतलीस?"

"हात दिसणार ना आज, म्हणून. जवळून घेणारेत म्हणे," धाकटी म्हणाली आणि दिव्यांखाली जाऊन बसली.

कार्यक्रम सुरू झाला. दिवेवाला गावातून निघाला. डावीकडे, थांब, वर बघ. धाकटीचे अंगठे बिनचूक. शेजारच्या खुर्चीवरून साहेब बोलत होते, "आणि एक आनंदाची बातमी! गेमनंतर येणार आहे एक जादा प्रकरण, दीपगृह. त्याचं काम आम्ही लवकरच सुरू करतोय."

थोरली बोलायची थांबली. दाखवण्यासाठी वापरायची प्रत चाचणीचीच असते. दोन बटणं एकदम दाबून धरली की कुठलंही कुलूप उघडतं, चाचणीतल्या सगळ्यांना ठाऊक. तिनं दाबली. दिवेवाला वळला आणि सरळ दीपगृहात शिरला. आत जिना, भिंतीवरची चित्रं, कोपऱ्यात बसलेली म्हातारी. ती तर बोलायलाही लागली. सगळं तयार, झाडूपोछा केलेलं. इकडे साहेबांच्या तोंडात "लवकरच" अर्धाच राहिला.

धाकटीच्या कानात चिडीचूप. तिनं एकदा प्लायवुडकडे पाहिलं, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. मागे पडद्यावर दिवेवाला पायऱ्या चढतच होता.

साहेबांनी कार्यक्रम तोडला. संध्याकाळच्या आत थोरली घरी. आम्ही रान उठवलं, कंपनीच्या दारात बसलो, आणि शेवटी त्यांना दीपगृह फुकट करावं लागलं. निवेदन काढलं, "ही आमची भेट आधीपासूनच ठरली होती." निर्लज्ज!

मी तिच्या घरी गेलो, सभेचं आमंत्रण घेऊन. म्हटलं, "बाई, तुम्ही गिऱ्हाइकांसाठी नोकरीवर लाथ मारलीत."

"कोण गिऱ्हाईक?" ती भडकली. "मी तुम्हाला ओळखते तरी का? ती माझ्या हातांच्या जिवावर हसत होती, माझीच क्रीम लावून! म्हटलं, हस आता. जा त्या दीपगृहाच्या दारातून आणि हस."

"पण त्यामुळे अख्ख्या जगानं..."

"जगानं काय पाहिलं? मोबाईल उघडा तुमचा. कुठला तुकडा फिरतोय? तिचे हात वर केलेले! तिथंही तीच!"

ते खरं होतं. माझ्या मोबाईलवरही तोच होता.

खाटेवरून सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "हात न लावता चालवलं गं तिनं! केवढी शिकली पोरगी." थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

तेवढ्यात धाकटी आत आली. तीही आता घरीच होती. साहेबांनी तिला काढलं नव्हतं, हीच जाऊन राजीनामा देऊन आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्हाला वाटतंय मी कंट्रोलर घाबरून खाली ठेवला. मुद्दाम ठेवला मी. म्हटलं, कळू दे लोकांना की चालवणारं कुणीतरी दुसरंच आहे."

मला वाटलं, झालं, आता गळ्यात पडतील. थोरलीचा चेहरा उलट आणखी काळवंडला. धाकटी आत गेल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाली, "बघितलंत? उपकारही तिनंच करायचे. मला धड भांडूसुद्धा देत नाही मेली."

सभेला मात्र आली. अट एकच. भाषण नाही, फक्त खेळणार, आणि कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर. आम्ही भिंतीवर पांढरी चादर ताणली. एका अर्ध्यात दिवेवाला, दुसऱ्या अर्ध्यात तिचे हात, भांड्यांनी खरबरीत झालेले, नखाशी चिरा पडलेले. माईकवर मी तिचं पूर्ण नाव सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली नाही, पण अंगठे क्षणभर थांबले. मग दिवेवाला दीपगृह चढून गेला, वरचा दिवा पेटला आणि लोक उठून उभे राहिले.

टाळ्या चालू असताना ती माझ्या कानाशी आली. मला वाटलं, आभार मानतेय.

"शेवटच्या रांगेत बघा," ती म्हणाली.

शेवटच्या रांगेत धाकटी बसली होती. सगळे उभे, ही एकटी बसलेली, चादरीकडे टक लावून. मांडीवर दोन्ही हात धरलेले, जणू त्यात काहीतरी आहे, आणि अंगठे अजून हलत होते.

"बघा," थोरली म्हणाली, "अजून माझंच चोरतेय." आणि खुर्चीवरची पिशवी उचलून तिच्या शेजारची जागा दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत तिकडे निघाली.