हिस्पॅनिक म्हणजे नक्की कुठली

नातू लग्न ठरवायच्या बेताने मुलीला घरी घेऊन आला, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो मूळ गावाचा. मुलगी इथे दुबईत शाळेत शिकवते, जन्म टेक्ससचा. तिने टेक्सस सांगितलं. मी म्हटलं, ते आत्ताचं झालं, मूळ सांग.

“आजी, प्लीज, डोन्ट स्टार्ट,” नातू म्हणाला.

पण पोरगी खमकी. थालीपीठाचा तुकडा मोडत तिने सगळं उलगडून सांगितलं. तिची आजी मेक्सिकोतल्या खेड्यातली, लग्न होऊन अमेरिकेत आलेली. सरकारदरबारी ही हिस्पॅनिक, म्हणजे जिच्या घराण्याचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातलं आहे अशी. त्यात खुद्द स्पेनचा माणूस बसतो, ब्राझीलचा बसत नाही, कारण तिथे पोर्तुगीज बोलतात. मैत्रिणींत ती लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या मुळांची. तिथे ब्राझीलवाली चालते, स्पेनवाली बाहेर. आणि स्वतःला ती म्हणवते चिकाना, म्हणजे मेक्सिकन मुळांची, अमेरिकेत जन्मलेली आणि हे ताठ मानेने सांगणारी.

मला ही भानगड फारच आवडली. माझी तरुणपणची वर्षं असल्याच भानगडीत गेलीत. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा अरब दुकानदार मला ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानातली, म्हणायचे, आणि वरच्या मजल्यावरची दिल्लीची बाई मद्रासी. मी चवताळायची. लिफ्टचं दार मिटल्यापासून मजला येईपर्यंत त्या बाईला महाराष्ट्राचा नकाशा समजावून सांगायची. ती बिचारी पुढे जिन्याने जायला लागली, तर मला वाटलं, वजन कमी करतेय.

मग शेजारी रत्नागिरीचं मुसलमान कुटुंब राहायला आलं. त्या घरची बाई दारात उभी राहून माझ्याशी झकास मराठीत बोलली. आणि मी, एवढी नकाशेवाली, तिला कौतुकाने विचारते काय, तुम्ही इतकं छान मराठी कुठे शिकलात?

“घरी,” ती म्हणाली. “तुम्ही कुठं शिकलात, वहिनी?”

तीच पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. हा किस्सा ती अजून दर इफ्तारला पाहुण्यांना खजुरांबरोबर वाढते.

असो. मुलीने स्पष्ट सांगितलं होतं की तिच्या आजीचा होकार आला तरच लग्न. आईवडील कामावर जायचे, हिला वाढवलं ते आजीने. आणि तिकडे म्हातारीने धसका घेतलेला, नात वाळवंटातल्या परक्या माणसांत गेली की आपली उरायची नाही. तेव्हा दोन्ही आज्यांनी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या आमच्या छोट्याशा हॉलमध्ये नातू सोफा आणि खिडकीच्या मध्ये येरझाऱ्या घालत होता. मी स्टार्चची साडी नेसून, मैत्रिणीला आधाराला शेजारी बसवून, छातीवर हात ठेवून पहिलंच वाक्य इंग्लिशमध्ये टाकलं: तुमची चिकाना आमच्या घरात येतेय, आम्हाला अभिमान आहे.

मुलीने भाषांतर करायची गरजच पडली नाही. तो शब्द कानावर पडताच म्हातारीचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला.

मुलगी हळूच म्हणाली, चूक माझी, मीच सांगायला हवं होतं. आजीच्या तरुणपणी सीमेपलीकडून मजुरीला आलेल्या गरिबांना हिणवायला हाच शब्द वापरायचे. पुढे तरुण पोरांनी तो उचलून अभिमानाने मिरवला. आजीला तो आजही टोचतो. ती स्वतःला नुसतं मेक्सिकन म्हणते, आणि हिस्पॅनिक म्हटलं तरी नाक मुरडते.

तिकडून प्रश्न आला. मुलीने खाली बघत सांगितला, “आजी विचारतेय, तुमच्या घरात हिला कोण म्हणून ओळखणार?”

नातू थांबला. माझ्या डोक्यात नकाशा उलगडायला लागला होता, तेवढ्यात मैत्रिणीने कोपर मारलं. “वहिनी, आता लिफ्ट नको.”

“माझी नातसून म्हणून,” मी म्हटलं. “पुढचं ती स्वतः सांगेल. तुमच्यापुढे एक सांगितलं आणि माझ्यापुढे दुसरं, तरी माझी हरकत नाही. आणि माझ्या तोंडून वाकडा शब्द गेला, तर तुम्ही फोन करून मला झापा. मी स्पॅनिशमध्ये झापून घेईन, मराठीत उत्तर देईन, तुम्हाला कळायचं नाही.”

मुलीने सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. म्हातारीने मला निरखून बघितलं. मग तिने माझ्या नातवाला पुढे बोलावलं, वळायला लावलं, पाठमोरं उभं केलं, पुन्हा वळवलं. तोही गुपचूप गिरक्या घेत राहिला. शेवटी ती मुलीशी स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलली आणि मुलगी एकदम तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

काय म्हणाली, आम्ही तिघांनीही विचारलं.

“आजी म्हणतेय, ही तिकडची म्हातारी आगाऊ आहे. पण लग्न कर.”