ओठांची खूण

इसिंगच्या पेजेच्या टपरीवर कुणी "मीठ कुठंय?" विचारलं, तर ती बोट दाखवत नाही. एका हातात वाडगा, दुसऱ्यात डाव. ती ओठांचा चंबू करते आणि हनुवटीसकट मिठाच्या दिशेनं पुढे काढते. आम्ही सगळेच असं दाखवतो. आमच्या खाडीकाठच्या गल्लीत पोरं बोलायच्या आधी हे शिकतात.

तिच्या टपरीला लागूनच माझं, म्हणजे ओपीचं, सुक्या मासळीचं दुकान आहे, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोर गेलं. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा दोन पोरं पदरात होती. पेज, आलं आणि तळलेला लसूण यांच्यावर तिनं ती वाढवली. थोरला रेनान मासळीच्या बंदरावर हमाली करतो. धाकटा जोमार सायकलरिक्षा चालवायचा आणि भसाड्या आवाजात गाणी म्हणायचा. त्याला गोळ्या घातल्या. आणि ज्यानं तो मारेकऱ्यांना दाखवून दिला, त्या बेर्तिंगला ही बाई रोज सकाळी पेज वाढते, वर उकडलेलं अंडं घालते. मी असते तर तोच डाव त्याच्या टाळक्यात घातला असता.

बेर्तिंग आमच्या गल्लीच्या चौकीवरचा पहारेकरी. सरकारनं नशेबाजांविरुद्ध मोहीम काढली होती, त्या काळात मोटारसायकलवरून माणसं यायची, तोंडावर लोकरी टोप्या ओढलेल्या. कुणालाही नशेबाज ठरवायची आणि मारून जायची. त्यांच्यासोबत घर दाखवणारा एक असायचा, त्याचंही तोंड झाकलेलं. तो कोण, हे चालीवरून सगळ्यांना कळायचं. पण नुसत्या चालीवर शपथ कोण घेणार?

मग एका मार्चमध्ये टीव्हीवर सांगितलं, अशा हत्यांचा जाब विचारणारं हेगचं जे आंतरराष्ट्रीय कोर्ट आहे, त्याच्या करारातून आपला देश बाहेर पडतोय. बेर्तिंग चौकीतून ओरडला, "संपली कटकट! आता विचारणारा कोण?" त्या दिवसापासून त्यानं तोंड झाकणं सोडलं. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर, टपरीचा दिवा नुकताच लागला होता, तेव्हा ती माणसं आली. बेर्तिंग पुढे होता, दोन्ही हात खिशात. त्यानं फक्त ओठ पुढे काढले, जोमारच्या दिशेनं. इसिंगनं ते समोरून पाहिलं. मी आवाज ऐकून बाहेर आले, तर जोमार रिक्षाच्या चाकापाशी पडला होता आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन "ऊठ रे, ऊठ" म्हणत होती.

मध्ये काही वर्षं गेली. यंदा फादरनी निरोप दिला की त्या कोर्टानं चौकशी उघडलीय, दर रविवारी चर्चच्या हॉलमध्ये एक वकीलबाई बसते. मी इसिंगला अक्षरशः ओढत नेलं. तिनं सगळं सांगितलं.

"आणि दाखवणारा कोण होता?" वकीलबाईनं विचारलं.

"ते नाही सांगत," इसिंग म्हणाली. "आणि सांगून उपयोग काय? आपण तेव्हा त्या करारातून बाहेर पडलो होतो ना?"

"नानाय," वकीलबाई आईला हाक मारावी तशी म्हणाली, "भाड्याचं घर सोडतो म्हटलं की त्याच दिवशी सुटतं का? नोटीस द्यावी लागते. या करारात ती वर्षाची आहे. वर्ष भरेपर्यंत देश आतच होता. तोवर जे घडलं, त्याचा जाब नंतरही मागता येतो."

इसिंगनं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे त्या नाताळात..."

"आत होतो आपण."

परत येताना ती रस्त्यातच थांबली. "ओपी, मेला बेर्तिंग उगाच तोंड उघडं टाकून आला गं," म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "पण रेनान रोज त्याच्या चौकीसमोरून घरी येतो. एक गेला. दुसरा कसा देऊ?"

मग एके दिवशी तिनं रेनानची पिशवी भरली.

"मी पळून जाऊ? आणि तू इथं एकटी?" रेनान भडकला.

"पळू नकोस. जहाजानं जा," ती म्हणाली. दुसऱ्या बेटावर, इलोइलोला, तिचा भाऊ राहतो. आम्ही दोघींनी त्याला जवळजवळ ढकलूनच जहाजावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेर्तिंग आला. टपरी भरलेली होती. त्यानं वाडगा घेतला, पण चमचा उचलला नाही.

"नानाय, चर्चमध्ये चकरा वाढल्यात म्हणे?"

"म्हातारपणी देव आठवतो रे."

"देव आठवा, वकील नको. ते बाहेरचे लोक काहीही डोक्यात भरवतात." त्यानं आवाज मऊ केला. "रेनान दिसला नाही काल. अंधारात एकटाच येतो बंदरावरून, जपून यायला सांगा."

मी दुकान सोडून इसिंगच्या शेजारी येऊन उभी राहिले.

"तो इलोइलोला गेला. मामाकडेच राहणार आता," इसिंग म्हणाली. डाव पातेल्यात फिरतच होता.

बेर्तिंगनं वाडगा खाली ठेवला. "बरं झालं. तसं तुम्ही काही पाहिलंच नाही म्हणा. सगळ्यांची तोंडं झाकलेली होती. हो की नाही?"

"सगळ्यांची नव्हती."

खाणाऱ्यांचे चमचे थांबले. मी मनातल्या मनात ओरडत होते, बये, गप्प बस, वकीलबाईनं बजावलंय कुणापाशी बोलायचं नाही म्हणून!

"मग कुणाचं उघडं होतं?" त्यानं विचारलं.

इसिंगच्या एका हातात वाडगा होता, दुसऱ्यात डाव. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि हनुवटीसकट पुढे काढला.

बेर्तिंगनं वळून मागे बघितलं. मागे नुसता रस्ता होता, कुणीच नव्हतं.

तो उठून गेला. अंडं वाडग्यात तसंच राहिलं. मी इसिंगला धरून स्टुलावर बसवलं आणि तिच्या हातातला डाव काढून घेतला.

"रविवारी लवकर निघू," ती म्हणाली. "नाव सांगायचं राहिलंय."