पाठमोरी डोकी

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ न्हावी आहे आणि अबोल आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कुणी पाहिल्या असतील तर येऊन सांगावं, चहा माझ्याकडून. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की "मान खाली" आणि उठताना "झालं", एवढ्यावर पठ्ठ्यानं उभं आयुष्य काढलं. म्हणून सगळे त्याला मौनीबुवा म्हणतात. त्याच्या वाटणीचं बोलणंही देवानं मलाच दिलं, असं आमची ही म्हणते. आणि कौतुकानं म्हणत नाही.

मौनीबुवाला नाद एकच. दुपारी दुकान रिकामं झालं की ओढ्याकाठची चिकणमाती काढायची आणि डोकी घडवायची. सकाळी ज्याचे केस कापले, त्याचं डोकं म्हणे बोटांत ताजं असतं. आरशाखालच्या फळीवर ती ओळीनं मांडलेली असत, सगळी आपल्याकडे पाठ करून. उचलून पुढून पाहावं तर बटाट्याला असतं तेवढं नाक, बाकी सपाट.

"अरे, चेहरे कुठं गेले?" मी एकदा विचारलं.

"दाजी, मी मागं उभा असतो." त्या महिन्यातलं त्याचं हेच सर्वांत मोठं भाषण.

पण मागची बाजू काय सांगावी! मानेवरची वळी, केसांतला भोवरा, टोपीनं पाडलेली खाच, सगळं जिवंत.

दुःख एवढंच, की माती कच्ची. थोड्याच दिवसांत डोक्याला तडे जायचे. मग तो ते बादलीतल्या पाण्यात सोडायचा, त्याचा गाळ व्हायचा आणि त्याच गाळातून पुढचं डोकं. पोस्टमन विरघळून बेकरीवाला झाला, बेकरीवाला विरघळून शाळेचा शिपाई. भाजायला भट्टी असती तर एक तरी टिकलं असतं. पण दाढ्या करून भट्टी कुठून येणार?

तशात कळलं, की आपल्या भागातली माणसं आणि निसर्ग यांच्यावरून शिल्पं घडवणाऱ्यांना सरकार अनुदान देतं. भट्टी मिळते, वर्षभर कामाला जागाही मिळते. मीच त्याला अर्ज करायला लावला. अर्ज दोनदा परत आला, कारण फोटोवाल्या शहाण्यानं सगळी डोकी समोरून टिपली होती! बटाट्यांना कोण अनुदान देतो? तिसऱ्या वेळी मी जातीनं उभा राहून पाठीमागून फोटो काढून घेतले. ही शेवटची संधी होती. साठीपुढच्याला अनुदान नाही, आणि मौनीबुवाची साठी दाराशी आलेली.

या वेळी दोघं तपासायला आले. एक साहेब, आणि एक बाई, त्या स्वतः दगडात काम करणाऱ्या. बाई फळीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "काम छान आहे. पण ही माणसं इथलीच, हे कशावरून? चेहरा तर एकालाही नाही."

मौनीबुवा वस्तरा पुसत उभा. पुसून पुसून पातं झिजायची वेळ आली.

खुर्चीत पोस्टमन तोंडाला फेस लावून बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "साहेब, तो पहिला शाळेचा शिपाई. मान डावीकडे कलते बघा, घंटा डाव्या हातानं ओढतो." तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको मुलाचे केस कापायचे म्हणून विचारायला आली. फळीकडे नजर गेली आणि म्हणाली, "अगं बाई, आमचे हे इथं कसे?" हातातल्या फडक्यानं तिनं सवयीनं त्या मातीच्या मानेवरचं पीठ पुसलं. पीठ नव्हतंच तिथं.

साहेब हसले. "सगळ्यांना चांगलं पढवून ठेवलंय."

मौनीबुवाचा चेहरा पडला. आता माझ्यासारख्यानं गप्प बसायचं? मी पुढं झालो. "पढवायचं काय त्यात? मी इथं जन्म काढलाय. हा रिक्षावाला, हा आमचा डॉक्टर, हा शिंपी." धडाधड सांगत गेलो. शेवटच्या डोक्याशी येऊन थांबलो. "हे मात्र कुणाचंच नाही. मनानंच रचलंय यानं. असला मधे दबलेला भोपळा आणि त्याला कपाच्या कानासारखे कान, असा प्राणी आमच्याकडे नाही!"

मौनीबुवानं डोळे मिटले. म्हटलं, घात केला मी मेहुण्याचा. आणि पोस्टमन असा हसला, की साबणाचा फेस आरशावर उडाला.

बाई उठल्या आणि माझ्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, जरा इकडं या."

साहेब आले. मागं दोघांची कुजबुज. मला काही कळेना.

"मान खाली, दाजी," मौनीबुवा म्हणाला.

मी मान खाली घातली. साहेब खो खो हसत सुटले. बाई म्हणाल्या, "पढवलेला माणूस नेमका इथं चुकला नसता. स्वतःचं मागचं डोकं कुणी बघितलंय?"

अनुदान मंजूर झालं! दुकानामागं भट्टी बसली. पहिली डोकी निवल्यावर बाहेर काढायची होती त्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं जमली. मौनीबुवानं नेमका माझा, नव्यानं घडवलेला भोपळा उचलला, लालबुंद, खणखणीत. आणि सरळ बादलीत बुडवला.

"अरे, ह्यांचा गाळ होईल!" आमची ही ओरडली.

"ताई, थांब."

सगळे बादलीकडे बघत उभे. त्यानं हात घातला आणि डोकं वर काढलं. पाणी निथळतंय, आणि दोन्ही कान जिथल्या तिथं. त्याच्या बादलीतून अख्खं परत आलेलं हे पहिलं डोकं! त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला,

"झालं."