कोरं कपाळ

बडोद्याला निघाले तेव्हा नगरच्या स्टेशनावर आईनं माझी ओटी भरली नाही. पलीकडच्या डब्यापाशी एक मुलगी सासरी निघाली होती. तिची आई तिला कुंकू लावत होती, रडत होती, पुन्हा लावत होती. आई ते बघत उभी राहिली. मग तिनं आपला खरखरीत तळवा माझ्या कपाळावर ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि म्हणाली, "माझं गोंदलेलं हाय, ते काय पुसता यीना. तुझं कोरं हाय. कोरंच ठेव."

आईच्या भुवयांमध्ये हिरवं गोंदण होतं, बाप्तिस्म्याच्या आधीचं. कुंकू तिनं धुतलं, गोंदण राहिलं. मी मिशनच्या वस्तीत जन्मले, म्हणून आमच्या घरात कपाळाला काहीच न लागलेली पहिली बाई मी. आईला त्याचा केवढा अभिमान होता, हे तुम्हां वस्तीतल्या बायकांना सांगायला नको. तुमच्याही आया तशाच.

आमचे हे, याकोब, मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला शिकले होते. बडोद्यात महाराजांनी गावोगाव शाळा काढल्या, शाळांना पुस्तकं लागली आणि छापखान्याला जुळारी लागले. त्या लाटेत आम्हीही गेलो. मांडवीजवळच्या गल्लीत घर मिळालं, तेही घरमालक पारशी होता म्हणून. वर-खाली सगळी दक्षिणी मंडळी, म्हणजे आपली मराठी माणसं, कुणी महाराजांच्या खासगीत कारकून, कुणी पागेत. मराठी ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. किती भोळी होते मी.

समोरच्या काशीवहिनी पहिल्याच आठवड्यात ओटल्यावरून, दारापुढच्या ओट्याला इथं ओटला म्हणतात, बोलल्या. "फावलं ना, मानवलं ना तुम्हांला बडोदं? तुमचे भाऊ एकदम सीधे माणूस हो. कधी मान वर करून बघत नाहीत."

मला भाऊ नाही. मग उमगलं. कपाळ उघडं, गळ्यात काळे मणी नाहीत, अशी तरुण बाई पुरुषाबरोबर राहते म्हणजे ती विधवा बहीणच असणार. बोटातली अंगठी त्यांना कशी कळावी? मी हसून म्हटलं, "भाऊ नाहीत, घरधनी आहेत." वाटलं, आता विचारतील आणि मी आपल्या प्रभूविषयी सांगेन. साक्ष द्यायची संधी दारात चालून आली होती.

काशीवहिनींचा चेहरा उतरला. "नवरा जिवंत असताना हे असं कपाळ? बाई, घरधन्याच्या जिवावर का उठलात?"

त्या दिवसापासून ओटले बंद झाले. विधवा असते तर चाललं असतं, प्रत्येक घरात एखादी होतीच. पण नवरा असून विधवेचं सोंग आणणारी बाई समोर दिसली की लेकीसुना बाजूला सरत. संक्रांतीला दारावरून हळदीकुंकवाची वर्दळ जायची, आमच्या दाराशी पावलं भरभर पडायची. मी मात्र आईला कळवत राहिले, कपाळ कोरं आहे. खोटं बोलू नये, कुणाचं वाईट चिंतू नये, रविवारी लष्करी कँपातल्या चर्चला चालत उपासनेला जावं, सगळं पाळलं. माझं जगणं बघून एकीला तरी वाटेल की हिच्या देवात काहीतरी आहे, एवढीच आशा होती. वाटलं कुणालाच नाही.

मग छापखान्यातून हे ताप घेऊन आले. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. ताप उतरेना तशी एका दुपारी काशीवहिनी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात कुंकवाचा करंडा होता आणि त्या खरोखर रडत होत्या. "एक बोट लावा. ते उठून बसले की पुसून टाका. तुमच्या देवाला एवढं कळेलच ना?"

यांनीच नाही म्हणावं म्हणून मी यांच्याकडे पाहिलं. हे रविवारच्या वर्गाचे शिक्षक, गणपती पाहायला गेलेल्या पोरांनासुद्धा दटावणारे. यांनी करंड्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "लावून बघ."

मी लावलं नाही. त्या क्षणी प्रभू आठवला असं म्हणायला हवं, पण आधी आईचा तळवा आठवला. यांनी तोंड भिंतीकडे केलं. ताप उतरलाच नाही, आणि हे गेले.

मातीच्या वेळी पाळक म्हणाले, या घरानं शेवटपर्यंत साक्ष राखली. मी मान खाली घालून ऐकलं. घरी आले तर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. रिवाजाप्रमाणे त्यांचे हात माझ्या कपाळाकडे आले आणि मध्येच थांबले. पुसायला काही नव्हतं.

आणि त्यानंतर ओटले उघडले. काशीवहिनी रोज भाजी-भाकरी पाठवतात, दुपारी हाक मारून शेजारी बसवतात. "आता तुम्ही आमच्यातल्याच," म्हणतात, अगदी मायेनं. माझ्या कपाळाचा अर्थ आता त्यांना लागतो. त्या अर्थात प्रभू कुठंच नाही.

मध्ये नगरला येऊन गेले ते तुम्हांला ठाऊकच आहे. तिथं सगळ्यांचीच कपाळं कोरी. उपासनेनंतर नव्या पाळकांच्या बायकोनं विचारलं, "तुमचे पती बडोद्याला काय करतात?" वस्तीत माझं विधवापण दिसत नाही आणि बडोद्यात माझा विश्वास दिसत नाही. निघताना आईनं पुन्हा कपाळावर हात ठेवला. "कोरं ठिवलंस बाई," ती समाधानानं म्हणाली. मी तिच्या गोंदणाकडे बघत राहिले.

परत बडोद्याला आले, कारण इथं निदान माझं दुःख सांगावं लागत नाही. त्यालाच आता घर म्हणायचं. संध्याकाळी दार लावून प्रार्थनेला बसते. डोळे मिटले की कपाळावर आईचा तळवा येतो, आणि भिंतीकडून यांचा आवाज येतो, "लावून बघ." त्यापलीकडून काहीच ऐकू येत नाही.