डोळकाडीचं झाड

बोरगावच्या पंचफुलाबाईंचं अर्धं आयुष्य संत्र्याची कलमं बांधण्यात गेलं. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा काढून त्यात बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. मग एकदा त्यांच्याच आतड्याला पीळ पडला. काळं पडलेलं सगळं काढावं लागलं. उरलं ते हातभर. खाल्लेलं अंगी लागेना.

नवरा नत्थूजी रोज बागेतल्या संत्र्यांचा रस काढून पाजायचे. संत्र्याच्या गावात आजाऱ्याला दुसरं काय देणार? शेजारणीही पेले भरून आणत. बाई मात्र सुकतच गेल्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आखूड आतड्यात गोड रस अंगातलंच पाणी ओढून बाहेर टाकतो.

"म्हणजे मीच हिले वाळवून राहिलो होतो?" नत्थूजी म्हणाले.

रस बंद झाला. शिरेतून पोषण सुरू झालं. बाई तगल्या.

यंदा मृगबहाराची संत्री उतरत असताना डॉक्टरीणबाईंनी एक विषय काढला. रोग्याच्या आतड्यातल्या पेशींपासून नवं अस्तर वाढवून ते आत बसवायचा प्रयोग चालला होता. अजून उंदरांवरच. त्यासाठी बाईंच्या आतड्याचा तांदळाएवढा तुकडा दुर्बिणीतून काढून हवा होता.

"उंदीर जगले का?" बाईंनी विचारलं.

"काही जगले."

"त्याइले संत्र्याचा रस नका पाजू म्हणजे झालं."

नत्थूजींना हसू आलं नाही. "हिले केव्हा बसवान ते?"

"काका, यांच्यासाठी नाही हे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

घरच्या अंगणात पाय ठेवताच नत्थूजी उसळले, "हातभर उरलं, त्यातलंही वाटत सुटतं काय?"

बाई बांधावरच्या म्हाताऱ्या झाडाकडे बघत होत्या. कलमांचे डोळे त्याच्याच काड्यांवरून, डोळकाड्यांवरून, निघत. दरसाल छाटून ते बोडकं झालेलं. स्वतःवर फळ कमीच. पार सीमेपलीकडच्या सौंसरपर्यंतच्या बागा मात्र त्याच्याच कलमांच्या.

"त्याले कधी पुसलं होतं तुमी?"

"अवं, ते झाड हाय!"

"मले तं पुसलं ना डॉक्टरीणबाईनं."

ठरल्या दिवशी नत्थूजीच बाईंना नागपूरला घेऊन गेले. बाई आत असताना त्यांनी सवयीनं पिशवीतलं संत्रं सोललं. बाई बाहेर आल्या तशी त्यांनी हात मागे घेतला.

"खा की," बाई शेजारी टेकत म्हणाल्या. "मले वासच पुरते."

त्यांनी साल बाईंच्या हातात दिली आणि एकेक फोड सावकाश खात बसले.