बोट बंद, इन्सुलिन हॅवलॉकला आणि मी महाडात

मागच्या महिन्यातला शुक्रवार. सकाळचे साडेआठ. नाते गावातल्या माझ्या शाळेत जायला मी स्कूटी बाहेर काढली आणि बाबांचा फोन आला... अंदमानहून.

"अगं, माझं इन्सुलिनचं पेन हॅवलॉकच्या हॉटेलात राहिलं, फ्रीजमध्ये. काल सकाळपासून घेतलेलं नाही. आता आम्ही नील बेटावर आहोत आणि समुद्र खवळलाय म्हणून आज बोटी बंद आहेत. तुझ्या आईला काही सांगू नकोस, उगाच घाबरेल..."

आणि फोन कट झाला.

परत लावला. लागेना. आईचाही लागेना. हॉटेलचा नंबर तर नुसता टू टू करत होता.

बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर शिफ्ट करून नुकतेच रिटायर झालेले. त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, आईला खरंखुरं निळं पाणी. बाबांचं म्हणणं होतं की एवढ्या लांब नको, रत्नागिरीला जाऊ. मीच हट्ट करून तिकिटं काढली... पोर्ट ब्लेअर, रॉस, हॅवलॉक, नील. टूर कंपनी नको, मीच सगळं बुक करते म्हटलं. केवढा तो शहाणपणा माझा!

तिकिटं, हॉटेलांचे पत्ते, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं बाबांच्या फोनवर पाठवलं होतं. आईला दिली होती फक्त बोटीत मळमळलं तर म्हणून आवळासुपारीची डबी.

आई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर महाडात आली, पण बाजारात जायचं तरी सोबत कुणी लागतं तिला. बँकेत सहीच्या वेळीसुद्धा बाबांकडे बघते. हिंदी ऐकून कळतं, बोलायला लाजते. अशा बाईला काय सांगणार होते मी?

शाळेत गेले. मुलांना वर्गात नकाशा काढायला दिला आणि मी टेबलाखाली फोनवर शोधत बसले, इन्सुलिन चुकलं तर काय होतं ते. उलट्या, सुस्ती, श्वास लागणं... पुढचं वाचवेना. फोन बंद केला. दोन मिनिटांनी परत उघडला.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आज निघालीस तरी पोचशील फक्त पोर्ट ब्लेअरपर्यंत, पुढे बोट नाही. खरंच होतं ते. नकाशावर ते बेट माझ्या नखाएवढं दिसत होतं आणि चारी बाजूंनी पाणी.

सगळ्यात जास्त काय टोचत होतं सांगू? बाबा मला म्हणाले, आईला सांगू नकोस... आणि मला ते पटलं होतं.

मधल्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दोन वेळा वाजू दिला, उचलायचा धीर होईना.

पलीकडे आई होती. आवाज अगदी नेहमीचा.

"घाबरू नको गो. तुझ्या बाबांना सुई दिली. सलाईन लावलंय. आता बरे हायत."

मग तिने सगळं सांगितलं, सावकाश.

तिला आदल्या संध्याकाळीच संशय आला होता. जेवायच्या आधी बाबा पाच मिनिटं आत जातात, ते गेले नाहीत. तिने विचारलं तर तिच्यावरच खेकसले. पण सकाळी मला फोन करून ते आत आले आणि ओकले. सारखं पाणी मागत होते, बोलताना जीभ जड झाली होती. मग तिने परत विचारलं नाही. हॉटेलच्या माणसाकडून रिक्षा मागवली, बाबांच्या दंडाला धरून त्यांना आत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे शुगर निघाली चारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध, किती? चिठ्ठी बाबांच्या फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली. बाबांना धड सांगता येईना.

आईने सांगितलं. नाव मोडकंतोडकं, पण कळण्याइतकं. केशरी टोपीचं, सकाळी वीस, रात्री चौदा, आणि गेल्या दिवाळीनंतर दोनने वाढवलेलं... तेही हिंदीत. पेनवर आकडे फिरवताना ती रोज बाजूला उभी असते. ती काय बघते हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

हा फोनही तिथल्या एका बंगाली सिस्टरचा होता, तिच्याच फोनला रेंज होती. माझा नंबर आईला पाठ. सिस्टरने घरून भात आणि डाळ आणून आईलाही जेवायला घातलं. ताई, तुमचं नाव मी मुद्दाम इथे लिहीत नाही, पण तुमच्यासाठी रोज हात जोडते.

बोटी आणखी दोन दिवस बंद राहिल्या. बाबा तिसऱ्या दिवशी चालायला लागले. आता दोघं महाडात सुखरूप आहेत. बाबा थोडे गप्प असतात. परवा मात्र मला म्हणाले, इन्सुलिनचं ते तुझ्या आईला विचार, तिला जास्त माहिती आहे.

मी आईला विचारलं, एवढ्या सगळ्यात तुझं बेट बघायचं राहूनच गेलं ना?

नाही म्हणाली. बाबा झोपलेले असायचे तेव्हा ती सकाळी एकटीच किनाऱ्यावर जायची. रोज थोडी पुढे. पाणी खरंच निळं असतं म्हणे.

"तिथं मला कुणी वळखत नव्हतं गो. कुठं चाललीस, कुणी विचारणारं नाय. लय बरं वाटलं."

एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली. मी तिच्याकडे बघत बसले... पस्तीस वर्षांची झाले मी, आणि आईला एकटीने चालायला आवडतं हे मला त्या दिवशी कळलं.