बर्टीचं बी आणि चमकणारा तुंबा

बोंदरीबाईने तुंबा दोन्ही हातांनी उचलला आणि तिचे हात एकदम वर गेले. भरलेलं समजून रिकामं भांडं उचललं की असंच होतं. तिने तो खाली ठेवला, परत उचलला. मग आमच्याकडे बघितलं.

"बी कोठे शे?" तिने विचारलं.

आमच्या वाचनालयात प्रदर्शन भरलं होतं, त्याचा तो शेवटचा दिवस. मी तिथली शिपाई. रिटायर झाले, पण दुसरं कोणी मिळेना म्हणून मलाच परत बोलावलं. झाडणं, पुसणं, चहा करणं, कपाटं उघडणं ही माझी कामं. माझं शिक्षण चौथी. पुस्तकांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला तेवढं पुरतं.

प्रदर्शन स्वाती मॅडमच्या डोक्यातून निघालं. त्या आमच्या ग्रंथपाल. भिंतीवर शाळेच्या पोरांची चित्रं आणि गावाचे जुने फोटो. टेबलांवर जुन्या वस्तू. तापीकाठच्या घरांतून मोट, तिफण, मोत्यांची तोरणं आली. वर डोंगरातल्या गावांतून आणायला मॅडम स्वतः तोरणमाळला गेल्या. तिथे बोंदरीबाई पावरा या म्हातारीने त्यांना हा तुंबा दिला. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, मानेला चिंधीचा बोळा, वरून शेणाचा लेप. पावसाच्या आधी परत द्यायचा, एवढीच तिची अट.

मॅडमनी दाखलपुस्तकात लिहिलं, 'तुंबा, एक नग'. दाखलपुस्तक म्हणजे वाचनालयात जे येतं त्याची नोंदवही. पुस्तक आलं तरी नोंद, खुर्ची आली तरी नोंद. तुंब्यापुढे पाटी लावली, 'पाणी नेण्याचे पारंपरिक भांडे'. म्हातारीला विचारलं नव्हतं. म्हातारीला वाचता येत नव्हतं.

आता चूक सांगते. ती माझी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या बोळ्यातून राख गळली. टेबलावर पांढरी चादर होती. आमच्या कामात धूळ म्हणजे शत्रू. मी तुंबा मागच्या नळावर नेला, बोळा काढला आणि उपडा केला. आतून राखच राख. लाकडाची, बारीक, चांगली राख. घरोघरी गॅस आला तेव्हापासून अशी राख बघायला मिळत नाही. टाकवेना. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली, चहाची भांडी घासायला. तुंबा साबणाने आतून धुतला, उन्हात वाळवला, वरून खोबरेल तेल चोळलं.

वाचनालयाचे अध्यक्ष नाना म्हणाले, "वा मावशी! आते कशी म्युझियमनी वस्तू दिसी ऱ्हायनी."

मी खूश झाले. आठ दिवस त्या राखेने पातेली घासली. राख जरा कचकच करायची. मला वाटलं, खडे असतील.

बोंदरीबाई बी म्हणाली आणि मला तो डबा आठवला. आमच्या आईकडेही चवळी राखेत ठेवायचे, किडू नये म्हणून. मला हे माहीत होतं. वाचनालयात इतकी वर्षं गेली की राख दिसली की घाण दिसते, नाहीतर घासायची भांडी.

बोंदरीबाईची बोली पावरी, पण बाजारापुरती आमची येते. तिने सांगितलं ते असं. तुंब्यात बर्टीचं बी होतं. बर्टी म्हणजे भगरीच्या जातीचं बारीक धान्य. सासूपासून चालत आलेलं बी. आजूबाजूचे सगळे आता सोयाबीन लावतात, त्यामुळे उसनं मागायलाही कोणी नाही. वस्तू रात्री कुलपात राहतील असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून तिला वाटलं, कुलपाच्या घरात उंदीर लागणार नाही.

"चोरी झाली असेल का?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मीच उघडून बघायला हवं होतं."

मी फडक्याने टेबल पुसत राहिले. कामावरून काढतील ही भीती होती. खोटं कशाला बोलू?

नाना बाहेर जाऊन दुकानातून भगरीचं पाकीट घेऊन आले. "हाई ले माय. बर्टी म्हन, भगर म्हन, एकच शे."

बोंदरीबाईने चिमूटभर भगर तळहातावर घेतली, दाताखाली धरली आणि हसली. "हाई उपासले खा. हाई मरेल शे."

नानांना कळेना. ते गुजर, पुरुषोत्तमनगरकडचे, घरी ऊस आणि केळी. ऊस कांड्यांनी लावतात, केळी कंदाने, बियाण्याशी गाठच नाही. मला बोलावंच लागलं.

"नाना, हाई साल काढेल शे. हाई उगस नही." आणि त्याच दमात सांगून टाकलं, "राख मी काढली. मागे डब्यात आहे."

"घासाले लिधी?" नाना ओरडले. "मावशी, तुन्ही अक्कल कोठे गई?"

"तुमनी वस्तू चमकाडामा गई," मी म्हणाले.

डबा आणला. अर्धा उरला होता. वरचा थर माझ्या ओल्या हाताने भिजून घट्ट झालेला. बोंदरीबाईने तो थर बोटांनी उकरून बाजूला ठेवला. त्यातल्या काही दाण्यांना पांढरे मोड आले होते. मग खालची कोरडी राख चाचपून म्हणाली, "सूप."

सूप होतं, पण टेबलावर, चिठ्ठी लावलेलं.

"मावशी, ती प्रदर्शनातली वस्तू आहे," मॅडम म्हणाल्या.

"आज कामाला लागू द्या," मी म्हणाले आणि उचललं.

बोंदरीबाई दारात बसून पाखडायला लागली. राख उडाली. फोटोंच्या काचांवर बसली, चित्रांवर बसली, नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. सुपात दाणे उरले. दोन ओंजळी, त्याहून थोडे कमी.

"किती होईल?" मी विचारलं.

"अर्धं वावर," ती म्हणाली. "बाकी पुढच्या साली."

मी कोपऱ्यावरच्या भजीवाल्याच्या चुलीतली राख आणली. तिने ती चाळून घेतली. मी तुंबा पुढे केला. तिने तो नाकाशी नेला आणि परत माझ्या हातात दिला. तेलाचा वास, साबणाचा वास. अशात ती बी ठेवणार नव्हती.

"हाऊ आते तुमना," म्हणाली. राखेत कालवलेलं बी फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं आणि तोरणमाळच्या बसला गेली.

काचा पुसायला मला दोन दिवस लागले. कामावरून कोणी काढलं नाही, कारण पुसायला दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर त्या बसच्या कंडक्टरबरोबर तिचा निरोप आला. अर्ध्या वावरात बर्टी चांगली आली. बी धरलंय. परत प्रदर्शनाला माझ्याकडे काही मागू नका.

दाखलपुस्तकात मॅडमनी आता एक नवा रकाना आखलाय, 'आत काय आहे'. पाटीही बदलली. बी ठेवण्याचा तुंबा, असं लिहिलंय. तेही पूर्ण खरं नाही. त्यात आता बी कोणी ठेवणार नाही. काचेत ठेवलाय, छान चमकतो. लोक फोटो काढतात.